कठडा बसायच्या आधी

मी, खाली सही करणारा, घरी भिंगरी आणि कामावर "ए वरचा" या नावाने ओळखला जाणारा, वय तेवीस, शिक्षण सातवी आणि आठवीचा थोडा भाग, धंदा उंच इमारतींच्या काचा बाहेरून दोरीला लटकून पुसणे, असे लिहून ठेवतो की हे माझे मृत्युपत्र असून याआधीचे रद्द समजावे. याआधीच्यात मी "जे काय आहे ते आजोबांना" एवढेच लिहिले होते. ते वाचून ऑफिसातल्या बाईंनी विचारले होते, "आहे काय?"

आमच्या कंपनीचा नियम आहे की मृत्युपत्र दिल्याशिवाय दोरीवाल्याला कमरेचा पट्टा मिळत नाही, आणि अपघात झाला की ते नव्याने लिहून द्यावे लागते. मला अपघात झाला. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून लिहीत आहे. बाकीचे पत्ते खेळत आहेत.

नमुन्यात पुढे असे छापले आहे की "मी पूर्ण शुद्धीवर असून माझी बुद्धी शाबूत आहे". शुद्धीवर मी आहे. बुद्धीबद्दल खोटे लिहायचे नाही, कारण ते प्रकरण डॉक्टरीणबाईंपर्यंत गेलेले आहे.

झाले असे. मी वरच्या एका मजल्याची काच पुसत होतो. आत एक बाळ खाटेचा कठडा धरून उभे होते. मी जीभ काढली. त्यानेही काढली. मी गाल फुगवले. त्यानेही फुगवले. इतका हुशार माणूस मला फार दिवसांनी भेटला होता. मग मी दोन्ही हातांचे कान करून दाखवले. दोन्ही हात म्हणजे काचेला चिकटवलेली रबरी वाटीही सुटली. मी झोका घेतला आणि परत येताना चौकटीवर डोके आपटले. कामाची कडक टोपी फुटली. बाळ खूप हसले.

खाली उतरवल्यावर कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याचे फोटो काढायला पाठवले आणि फिल्म उजेडासमोर धरून पाहिली.

"वय काय?"

"तेवीस."

"मग बरोबर आहे."

"काय बरोबर? फुटलंय का कुठे?"

"फुटलं नाही. अजून पुरतं बांधून झालेलं नाही. हा कपाळामागचा भाग दिसतो? असं केलं तर पुढे काय होईल, हा विचार करणारा. तो सगळ्यात शेवटी तयार होतो. पंचविशीच्या आसपास, कोणाचा आधी, कोणाचा नंतर. तू इमारतींवर काम करतोस ना? गच्ची आधी होते की कठडा?"

"गच्ची. कठडा सगळ्यात शेवटी बसतो."

"तू सध्या बिनकठड्याची गच्ची आहेस. कपडे वाळत घालायला हरकत नाही. पळापळ करू नये."

सबब मी जाहीर करतो की हे मृत्युपत्र मी माझ्या डोक्याचा जेवढा भाग तयार आहे तेवढ्याच्या जोरावर करत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझा खोलीसोबती घोरपड (भिंतीला चिकटण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून हे नाव) पत्ते सोडून माझ्या खांद्यावरून वाचतो आहे. तो दबाव नव्हे, ती त्याची खोड आहे.

कलम पहिले. वर सांगितलेली फिल्म माझ्या पश्चात आमच्या सातवीच्या गुरुजींना पोचती करावी. गुरुजी संपूर्ण वर्गासमोर म्हणाले होते की याच्या डोक्यात भुसा भरला आहे. फिल्ममध्ये भुसा आढळलेला नाही. डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारून घेतले आहे. फिल्म खिडकीशी धरून वर्गाला दाखवावी, फळ्यावर टेकवू नये, तिथे काही दिसणार नाही.

गुरुजींचे अगदीच चूक होते असेही नाही. आठवीत असताना शाळेमागे क्रेन उभी राहिली आणि ती बघायला मी मुतारीच्या छपरावरून भिंतीवर आणि भिंतीवरून पलीकडे गेलो, तो परत वर्गात आलोच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या वयात तसेच होते, हौस पूर्ण वाढलेली असते आणि आवर घालणारा अजून कामावर आलेला नसतो. हे गुरुजींना तेव्हा कोणी सांगितले असते तर माझे कान थोडे आखूड राहिले असते.

कलम दुसरे. जंगम मालमत्ता. माझा निळा स्वेटर घोरपडीला द्यावा. म्हणजे आहे तिथेच राहू द्यावा, कारण तो गेल्या हिवाळ्यापासून त्याच्याच अंगात आहे. बूट कोणी घेऊ नयेत, डावा चावतो. पट्टा आणि दोरी कंपनीची. चहाची किटली खोलीची आहे, तिच्यावर मुकादम हक्क सांगेल, सांगू देऊ नये. झाकण मी बसवले आहे.

कलम तिसरे. स्थावर. इथे जरा सावकाश वाचावे.

घर आजोबांचे. खाली कुलपांचे दुकान, वर दोन खोल्या. आई-वडील आमच्या लहानपणीच गेले, दादाला आणि मला आजोबांनी वाढवले आणि डोके ठिकाणावर असतानाच घर आम्हा दोघांच्या नावावर करून दिले. अर्धे माझे. कुठले अर्धे ते लिहिलेले नाही. दादा म्हणतो, जिना तुझा, कारण तू कायम त्याच्यावरच असायचास, वर जाताना नाहीतर खाली पळताना.

आजोबा कुलूपवाले. त्या भागातली निम्मी दारे त्यांच्या हातची. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट उठून चालली आहे. आधी सकाळचे जेवण गेले, मग वहिनीचे नाव गेले, मग मी. दादाला ते अधूनमधून त्यांचा धाकटा भाऊ समजतात आणि उसना नेलेला पाना मागतात. दादा हल्ली म्हणतो, "उद्या देतो." त्यावर त्यांचे समाधान होते.

पण ते चालायला लागले. दार उघडून कुठेही. म्हणून दादाने दाराला कुलूप लावले. आजोबांनी ते काढून, तेल घालून, टेबलावर ठेवले आणि गेले. दादाने मोठे आणले. तेही टेबलावर. मग दादाने त्यांची हत्यारे माळ्यावर टाकली. आजोबांनी वहिनीची केसातली पिन वापरली. शेवटी दादाने जे केले ते आमच्याच घरात होऊ शकते. बाजारात याहून भारी कुलूप नाही, असे म्हणून त्याने दुकानाच्या कपाटातून आजोबांनी स्वतः बनवलेले कुलूप काढले, ज्याची किल्ली आधी उलटी फिरवून, खटका दाबून, मग सुलटी फिरवावी लागते, आणि ते दाराला बसवले.

वहिनी सांगते, चहाला उकळी यायच्या आत ते उघडले. आजोबा रागावले होते. "कोणत्या गाढवाने बसवलंय? चौकटीला घासतंय!" त्यांनी ते नीट बसवून दिले. उघडून पाहिले, लावून पाहिले, परत उघडले, आणि बाहेर जाऊन बाहेरून लावून घेतले. दादा, वहिनी आणि त्यांची दीड वर्षाची ठमी आत. शेजाऱ्यांनी खिडकीतून शिडी लावली.

त्या दिवशी आजोबा सापडले शेजारच्या शिंपीकाकांच्या घरात. काका दुकानात होते, घराला कुलूप होते, म्हणजे असायला हवे होते. आजोबा त्यांच्या खोलीत कपाटासमोर बसून कपाटाचे कुलूप दुरुस्त करत होते.

शिंपीकाका दादावर ओरडले, "तुमच्या म्हाताऱ्याला आवरा! उद्या कुठे बँकेत घुसला म्हणजे?"

ते रास्तच बोलले. मात्र त्यांच्या लग्नात आलेले ते कपाट कधीच लागत नव्हते आणि आता लागते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

त्यानंतर दादाचा फोन आला.

"भिंगरी, सोय झाली. एक तारखेपासून."

"कसली सोय?"

"आजोबांची. सांभाळगृह आहे, गावाबाहेर. नर्स आहेत, डॉक्टर येतात. आणि मुख्य म्हणजे दार. आकडे दाबले की सरकतं. किल्लीचं भोकच नाही!"

"मग आजोबा दिवसभर करणार काय?"

"बसतील."

"आजोबा?"

"सगळे बसतात तिथे, भिंगरी."

"दादा, त्यांना तिथे नको पाठवूस."

फोन वहिनीने घेतला. "भावजी, तुम्ही फोनवरून फार छान काळजी घेता."

वहिनीचे म्हणणे खरे आहे. दादा वाईट नाही. छत्तीस वर्षांचा आहे, त्याचा कठडा केव्हाच बसला आहे, रंगसुद्धा देऊन झाला आहे. तो सगळ्या बाजू तोलतो. ठमी, वहिनी, नोकरी, शेजारी, रस्त्यावरच्या गाड्या, एवढे तोलल्यावर तराजू जिकडे जाईल तिकडे तो जातो. पण मला सारखा तो दरवाजा दिसतो. गुळगुळीत, भोक नसलेला, आणि त्याच्यासमोर हातात पिन घेऊन उभा असलेला माणूस, शोधतोय, खाली बघतोय, वर बघतोय.

डोक्याला पट्टी बांधून घेताना मी डॉक्टरीणबाईंना म्हटले, "माझं जाऊ द्या. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याचं सांगा. नातवाला विसरतो आणि कुलूप विसरत नाही, हे काय आहे? नातवापेक्षा कुलूप लाडकं का?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या आजारात बहुतेक वेळा कालचं आधी जातं. जुनं टिकून राहतं. आणि हातांनी शिकलेलं वेगळ्या खोलीत असतं, तिथे पाणी बरंच उशिरा शिरतं. त्यात लाडका-दोडका कोणी नाही. तू उशिरा आलास एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी घरी फोन लावला. आजोबांनी उचलला.

"कोण?"

मी भिंगरी म्हटले असते तर त्यांनी फोन ठेवला असता, तसे पूर्वी झालेले आहे. मी म्हटले, "गिऱ्हाईक. कुलूप अडकलंय."

आवाज एकदम बदलला. दुकान उघडल्यासारखा. "कोणतं? लटकवायचं का दारातलं?"

"दारातलं. किल्ली आत मोडलीय."

"मोडू दे. आधी हात काढ. ओढतोयस ना? ऐकू येतंय मला, ओढतोयस."

मी खरोखरच हात मागे घेतला.

"आता तेलाचा थेंब. मग बारीक तार, टोकाला वाकवलेली. दातांच्या बाजूने घाल. घाई करू नकोस. घाईचा हात कुलपाला कळतो."

"मला जमायचं नाही. माझा एका जागी जीव रमत नाही."

"अरे, माझा एक नातू आहे," आजोबा म्हणाले. "भिंगरी. कुलूप शिकायला बसवलं की कानस टाकून पळायचा. सगळे म्हणायचे, गेला वाया. मी म्हणायचो, डोकं चांगलं आहे, अजून ओलं आहे. वाळू द्या. ते वाळेपर्यंत थांबायला कोणी तयार नसतं."

"मग? आला का तो परत?"

"येईल ना. जाणार कुठे? तुझी तार वाकवलीस का?"

सबब, मी माझा अर्धा हिस्सा, तो जिना असो वा आणखी काही, आजोबांना परत देतो. नातवाने आजोबांना वारस नेमण्याची रीत नाही हे ऑफिसातल्या बाईंनी मागच्या वेळीच सांगितले. पण कायद्याची मनाई नाही हेही त्यांनीच सांगितले. हिस्सेदार म्हणून आजोबांना त्यांच्याच घरातून कोणी हलवू नये. माळ्यावरची हत्यारे खाली काढावीत. दुकानातली सगळी बिघडलेली कुलपे त्यांच्या पुढ्यात ठेवावीत, आणि ती दुरुस्त झाली की दादाने ती गुपचूप परत बिघडवावीत. हे दादाला जमेल, त्याने लहानपणी माझी सायकल दुरुस्त केली होती.

कलम चौथे. आजोबांच्या नंतर हा हिस्सा ठमीचा. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळाच्या डोक्यात वाटाच वाटा असतात, मोठ्यांपेक्षा जास्त. ज्यांच्यावरून ये-जा होते त्या पक्क्या होतात, बाकीच्यांवर गवत उगवते. म्हणून वहिनी, ठमीच्या हातून किल्ल्या काढून घेऊ नका. (तोंडात घालत असेल तर मोठी द्या.) ती आणि आजोबा एका चटईवर बसतात तेव्हा ती किल्ली भोकात घालायला बघते, जमत नाही, आणि आजोबा तिचा हात धरत नाहीत, नुसते भोक तिच्याकडे वळवतात, असे तुम्हीच मला सांगितले होते. आजोबा त्या दारामागे गेले तर ते भोक तिच्याकडे वळवणार कोण?

कलम पाचवे. माझे डोके, म्हणजे आतला भाग, डॉक्टरीणबाईंना, अर्धवट बांधकामाचा नमुना म्हणून.

इथवर लिहून मी कागद ऑफिसातल्या बाईंकडे नेला. त्या सुट्टीच्या दिवशीही येतात, त्यांना घरी करमत नाही. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. भुशाला हसल्या. तिसऱ्या कलमापाशी थांबल्या.

"चांगलं लिहिलंयस. पण अरे बाबा, हे लागू कधी होतं, माहिती आहे का?"

"सही केली की."

"तू मेलास की! मृत्युपत्र आहे ते. तोवर इथे माझ्या कपाटात पडून राहणार. म्हातारा जातोय एक तारखेला. तोवर तुझा मरायचा विचार आहे का?"

"नाही बुवा."

"मग?"

घोरपड माझ्यामागून आलाच होता. तो म्हणाला, "दोरीवरून दोन्ही हात सोडणारा माणूस आहे हा, बाई. बोलता बोलता करून टाकेल."

मी खोलीकडे परत आलो. पायऱ्यांवर जाऊन बसलो, उठलो, परत बसलो. मग लक्षात आले की मी हेच तर करतो. बसतो, उठतो. शाळेत, दुकानात, कामावर. आणि तिकडे आमच्या घरात एक माणूस आहे, त्यालाही हेच करायचे आहे, पण त्याच्याबरोबर चालायला कोणी नाही, कारण बाकीच्यांना कामे आहेत, आणि त्यांची डोकी पूर्ण झालेली आहेत. त्या घरात दार लावायला खूप जण झाले. दारातून बरोबर बाहेर पडणारा एकही नाही.

मी दादाला फोन केला.

"दादा, सांभाळगृहाला नाही म्हणून सांग. मी येतोय."

"किती दिवस?"

"राहायला. दुकान उघडू. आजोबा कुलपं उघडतील, मी शेजारी बसेन. म्हणजे बसायचा प्रयत्न करेन. ते उठले की मीही उठेन. शिंपीकाकांकडे गेले तर मी आधी पुढे होऊन दार वाजवेन."

"भिंगरी, तू एका जागी महिना काढलेला नाहीस कधी."

"एका जागी काढायचाच नाहीये, दादा. ते चालतात. दिवसभर चालतात. तू दमतोस, वहिनी दमते. मी नाही दमत. मला या एकाच गोष्टीचा पगार मिळायला हवा होता, तो कोणी दिला नाही."

मग वहिनीचा आवाज आला, लांबून, "कोण आहे?" आणि दादा तिला म्हणाला, "सोय झाली, म्हणतोय." मग मला म्हणाला, "आणि तुझ्या डोक्यात परत काही आलं म्हणजे? क्रेन दिसली म्हणजे?"

"आजोबांना घेऊन बघायला जाईन."

दादा हसला. रडला असेल, फोनवर सारखेच ऐकू येते. "किती दिवस टिकशील ते खरं सांग."

"कठडा बसेपर्यंत तरी. मग शहाणा होऊन पुढचं ठरवेन."

"एक तारीख मी पुढे ढकलतो. रद्द करत नाही. ढकलतो." तोलूनच बोलला. मला पुरे आहे.

कलम सहावे आणि शेवटचे. वरील कलम तीन हे माझ्या मृत्यूची वाट न पाहता माझ्या हयातीतच, माझ्याच हातांनी, अंमलात आणण्यासाठी मी उद्याच्या पहिल्या गाडीने निघत आहे. हा निर्णय डोक्याच्या कोणत्या भागाने घेतला ते सांगता येणार नाही. पुढचा भाग तयार असता तर कदाचित घेऊ दिला नसता, म्हणून तो तयार व्हायच्या आत निघतो. आजोबा मला ओळखणार नाहीत. हरकत नाही. एक गंजलेले कुलूप बरोबर नेत आहे, मुकादमाच्या पेटीचे, किल्ली हरवलेले. गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरेन आणि उघडेपर्यंत बसून राहीन. उघडल्यावर दुसरे काढीन.

हे मृत्युपत्र तरीही कंपनीकडेच राहू द्यावे. कधीतरी लागेलच. पण बाईंनी ते कपाटाच्या मागच्या बाजूला ठेवावे, घाई नाही.

सही: भिंगरी

ठिकाण: खोलीबाहेरच्या पायऱ्या, तिसरी पायरी
तारीख: पट्टा परत केला तो दिवस

साक्षीदार पहिला: घोरपड. समक्ष वाचले, आधी मागून आणि मग पुढून. कलम दोनप्रमाणे स्वेटर मिळाला. पण तिकडे थंडी असेल तर घेऊन जा रे, मी बघून घेईन.

साक्षीदार दुसऱ्या: ऑफिसातल्या बाई. सही करणारा शुद्धीवर होता. बुद्धीबद्दल त्याने वर लिहिले आहे तेच. मुकादमाला पेटीचे विचारलेले नाही, मी सांगते. नोकरी सोडल्याचा अर्ज वेगळ्या कागदावर द्यावा लागतो, तो दिलेला नाही, तशीच गेली स्वारी. मी त्याच्या नावाने लिहून टाकते.